आतल्या अंगाचं काम

१

चुन्याच्या कामात घाई चालत नाही. सिमेंट आज मारलं की चार दिवसांत विसरून जाता येतं. चुन्याला मात्र आजाऱ्याला जपावं तसं पंधरा-पंधरा दिवस ओलं ठेवावं लागतं. म्हणून त्या डिसेंबरात हेमांगी सावेचा दिवस रोज सकाळी आठ वाजता, एकाच कामाने सुरू व्हायचा. बावखलातून, म्हणजे वाडीतल्या तळ्यातून, पिंपात पाणी भरायचं, पिंप हातगाडीवर चढवायचं, गाडी ढकलत तुस्कानोंच्या बागेत न्यायची आणि आदल्या दिवशी भरलेल्या प्रत्येक सांध्यावर पाणी मारायचं.

जुन्या इमारतींचं दगड-चुन्याचं काम हा तिचा धंदा. वालीवला एका गाळ्यात तिचं वर्कशॉप होतं. तिथे चुना मुरत पडलेला असायचा. आगाशीकडच्या बागायतदारांच्या घरातली ही मुलगी शिकून सवरून गवंडीकामात पडली, याचं नातेवाइकांना अजून हसू यायचं. पण तिचं खरं शिक्षण झालं ते एकनाथकाकांच्या हाताखाली. काका चांदीपचे. घरी भातशेती, वय चौसष्ट, हातात चुन्याची विद्या. तालुक्यात तशी विद्या असलेला दुसरा माणूस उरलेला नव्हता. त्यांचा मुलगा प्रितेश कारखान्यात लागला होता आणि थापी हातात धरायला त्याने कधीच नकार देऊन टाकला होता.

काम भुईगावच्या रस्त्याला, तुस्कानोंच्या बंगल्यात होतं. बंगल्यामागे दहा फूट उंच भिंतीने चारी बाजूंनी बंद केलेली एक बाग होती. आत जायला एकच वाट. तिला दार नव्हतं, नुसते दोन दगडी खांब आणि त्यांच्यावर दोन दगडी अननस. बाहेरून पाहिलं तर काळ्या दगडाची सरळसोट भिंत, तुरुंगाला शोभावी अशी. नटवेपणा सगळा आतल्या अंगाला होता. शिंपल्यांनी मढवलेले कोनाडे होते, चुन्यात काढलेल्या वेली होत्या, भिंतीच्या माथ्यावर ओळीने दगडी कलश होते, आणि त्यांच्यावर कोरलेली फुलंसुद्धा आतच तोंड करून होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून माणूस घर सजवतो. हे कुणासाठी सजवलंय, असं पहिल्याच दिवशी हेमांगीच्या मनात आलं होतं. मग ती मोजमापाला लागली आणि ते राहून गेलं.

काम दिलं होतं केनीने. मालकीणबाई थेरेसा तुस्कानो, त्यांचा हा पुतण्या. तो बहरीनला असे. बाग दुरुस्त करून लग्नाच्या रिसेप्शनला द्यायची, असं त्याच्या डोक्यात होतं.

दुसरा आठवडा संपत आला होता. त्या गुरुवारी काका नेहमीसारखी गाडी ढकलत आत निघाले आणि खांबात अडकले. गाडीचा दांडा आणि दगड यांच्यात त्यांची बोटं सापडली. चार पेरांवरची साल निघाली.

“कालपन हीच गाडी नेली,” काका रक्त झटकत म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसता गोंधळ होता.

२

गाडी तीच होती. चाकं तीच होती. हेमांगीने टेप काढला.

पहिल्या दिवसाच्या तिच्या नकाशावर वाटेची रुंदी चार फूट चार इंच होती. आता चार फूट एक इंच भरली. तिने टेप बदलून पाहिला, वर मोजलं, खाली मोजलं. तीन इंच कुठेतरी गेले होते.

पहिला विचार आला तो मोजण्यातल्या चुकीचा. दुसरा आला गिलाव्याचा. पण खांबांना त्यांनी अजून हातही लावलेला नव्हता. तिसरा विचार जरा गंभीर होता. भिंत सरकत असेल तर? पाया खचला की असं होतं. त्याला उपाय माहीत होता. सांध्यांवर ठिकठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या चुन्याने चिकटवायच्या. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. तिने नऊ पट्ट्या लावल्या आणि ओळंबा सोडून खांब तपासले. खांब सरळ होते.

सोमवारी एकही काच तडकलेली नव्हती. वाट तीन फूट अकरा इंच होती.

म्हणजे भिंत जागची हलली नव्हती, पण वाट मात्र कमी झाली होती. हेमांगीने फोनमधले पहिल्या दिवसाचे फोटो उघडले. त्यांत खांबांच्या आतल्या कडा गुडघ्यापासून छातीपर्यंत छिन्नीने टोचल्यासारख्या दिसत होत्या. जुने, नवे, शेकडो घाव होते. वारा-पावसाने असं होत नाही हे तिला तेव्हाही कळलं होतं, आणि ‘नुकसान’ म्हणून तिने ते नोंदलंही होतं. आता ती खांबापाशी गेली आणि तिने हात फिरवला. एकही घाव नव्हता. दगड गुळगुळीत होता, आणि थोडा ओला.

पाणी काकांनी मारलं असेल, असं तिने ठरवलं. विचारल्यावर काकांनी ‘नाही’ अशी मान हलवली. ते आत्ताच आले होते. त्यांची चहाची किटलीसुद्धा अजून उघडलेली नव्हती.

३

थेरेसाआंटी बंगल्याच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसलेल्या असत. साठी ओलांडलेल्या, जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या, ताठ बाई. सप्टेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं चालणं वॉकरवर आलं होतं. हेमांगी समोर येऊन उभी राहिली आणि विषय कसा काढावा याचा विचार करू लागली, तेवढ्यात त्यांनीच विचारलं,

“किती उरलीय?”

हेमांगीने आकडा सांगितला. आंटींनी छातीवर क्रूस केला. मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी थोडं होतं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या छिन्नी-हातोडी घेऊन खांबांच्या कडा तासत. त्यांच्या आधी त्यांचे वडील तासत. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा हातोडी त्यांनी मुलीच्या हातात दिली आणि ‘तासून ठेव’ एवढंच म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मुलीने विचारलं नाही. दुसरी एक गोष्ट ते सांगत, ती म्हणजे त्या भिंतीला चुना लावायचा नाही. पडेल तशी पडू द्यायची. केनीला आंटींनी हे फोनवर सांगितलं होतं. तो हसला होता.

“सप्टेंबरपासून मी गेले नाही,” आंटी म्हणाल्या. “आणि आता तुम्ही त्या भिंतीला चुना खायला घातलात.”

 वयाबरोबर माणसाला एकेक खूळ लागतं, आणि शिकलेल्या माणसाचं खूळ जास्त पक्कं असतं, असं हेमांगीला वाटलं. पण दुपारी वॉकरचा खट-खट आवाज आला म्हणून तिने पाहिलं, तर आंटी अंगण ओलांडून खांबापाशी आल्या होत्या. वॉकरच्या पिशवीत हातोडी होती. श्वास लागला होता. त्यांनी एका हाताने खांब धरला आणि दुसऱ्याने पहिला घाव घातला. बागेच्या आत, पलीकडच्या टोकाला काम करणारे एकनाथकाका एकदम ताठ झाले, जणू घाव त्यांच्याच पाठीत बसला.

हेमांगीने पुढे होऊन हातोडी आंटींच्या हातातून सोडवून घेतली. अगदी हळू, आदराने. “आंटी, हे फार जुनं काम आहे. असं फोडता येत नाही. मी बघते.”

 थेरेसाआंटींनी वॉकर वळवला आणि त्या परत गेल्या.

४

नाताळात चार दिवस काम बंद होतं. रस्त्यावरच्या घराघरांत येशूजन्माचे गोठे सजले, चांदण्या लागल्या. हेमांगी घरी होती, पण तिचं लक्ष नव्हतं. अठ्ठावीस तारखेला ती परत आली तेव्हा वाट अडीच फुटांवर आली होती. हातगाडी आता आत जाईना. काका कळशीने पाणी नेऊ लागले.

तिला राग आला तो काकांचा. दुसरं कुणी हे करूच शकत नव्हतं. चुना त्यांचा, हात त्यांचा, तिच्याआधी तासभर येणारेही तेच. हल्ली ते जेवायलासुद्धा बाहेर येत नसत. त्यांच्या बायकोने, हंसाकाकींनी, दिलेली भाकरी डब्यात तशीच परत जाई. पण का करतील? आणि दगडावर दगड असा चढवायचा की सांधा दिसू नये, हे काकांनाही येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं.

ती याद्या तपासू लागली. उद्याचं काम म्हणून तिने खडूने खूण केलेले कोनाडे सकाळी पाहावेत तर पूर्ण झालेले. तुटलेले शिंपले जागच्या जागी. वेलीचं पान इतकं बारीक ओढलेलं की त्याच्या शिरा दिसाव्यात. तिने काकांना सरळ विचारलं, हे तुम्ही केलंत का?

काका त्या पानाकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तिने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. लाज होती, आणि त्याच्याखाली भूक होती.

“मना नाय येत असं,” ते म्हणाले. “माझ्या बापालापन येत नव्हतं. असा हात मी कदी बगला नाय, बाय.”

मग त्यांनी तिला गप्प राहायची खूण केली. बागेत ऊन होतं. चिकूच्या झाडावर बुलबुल होते. आणि भिंतीच्या पलीकडच्या कोपऱ्यातून थापीचा आवाज येत होता. ओल्या चुन्यावर थापी फिरते तेव्हा येतो तो लांब, मऊ, खरखरीत आवाज. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

चार भिंतींची जागा, आवाज घुमतो, असं हेमांगी स्वतःला म्हणाली. पण घुमायला आधी आवाज व्हावा लागतो, आणि त्या दोघांच्याही हातात त्या वेळी थापी नव्हती.

“चाळीस वर्सं झाली,” काका हलक्या आवाजात म्हणाले. “कामाचं चार शब्द बोलावं असं कोन भेटलं नाय. पोराला काय सांगू? त्याला ऐकायचंच नाय. तू शिकलीस, पन तुझं अर्धं ध्यान फोनात.”

तो आरोप नव्हता. म्हणून तो तिला जास्त लागला.

५

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी वाट सव्वा फुटावर आली. काका अंग चोरून आत-बाहेर करत होते. हेमांगी खांबाशी उभी राहिली आणि तिने काम बंद केलं. केनीला फोन लावून सांगितलं की खांब फोडावे लागतील. त्याने विचारलं की मग ती दुरुस्त करायला आली होती की फोडायला. तिने फोन ठेवून दिला. सोमवारी वालीवहून दगड फोडायचा ब्रेकर आणायचा, कुणाला विचारायचं नाही, असं तिने ठरवलं. काकांना सांगितलं की हत्यारं गोळा करा, शिडी राहू दे आत, आता इथे एकट्याने यायचं नाही. काकांनी हो म्हटलं. त्यांनी थापी धुतली, पुसली, पिशवीत घातली. मोटरसायकलवर बसताना त्यांनी एकदा मागे वळून भिंतीकडे पाहिलं. पाहुण्यांकडून लवकर निघावं लागलेला माणूस पाहतो तसं.

रविवारी सकाळी साडेदहाला हंसाकाकींचा फोन आला. काका पहाटेच निघून गेले होते. काम आहे म्हणाले. डबा न्यायचा विसरले.

हेमांगीने स्कूटर काढली.

बंगल्यावर कुणी नव्हतं. थेरेसाआंटींना कुणीतरी गाडीतून चर्चला नेलं होतं, मिस्सा अजून सुटायची होती. अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. काकांची मोटरसायकल चिंचेखाली उभी होती. त्यांच्या चपला खांबांसमोर, देवळाबाहेर काढाव्यात तशा, जोडीने ठेवलेल्या होत्या.

दोन खांबांच्या मधे आता हाताचा पंजा आडवा जाईल एवढीच फट होती.

तिने फटीला डोळा लावला. भिंत दोन फूट जाड होती, त्यामुळे आतलं फार थोडं दिसत होतं. उन्हाचा एक पट्टा, आणि समोरच्या भिंतीचा एक तुकडा. त्या तुकड्याशी एकनाथकाका पाठमोरे उभे होते. त्यांच्या हातात थापी होती आणि ती अशी चालत होती, जशी तिने वीस वर्षांत चालताना पाहिली नव्हती. त्यांच्या डाव्या बाजूला, फटीच्या अगदी काठावर, आणखी एक कोपर वर-खाली होत होतं. उजवीकडेही एक होतं. त्याच्या पलीकडे सावल्या होत्या, सगळ्या एकाच चालीने हलणाऱ्या.

“काका,” तिने हाक मारली.

थापी थांबली. सगळ्याच थांबल्या. बागेत आवाज उरला नाही. काकांनी मान वळवून फटीकडे पाहिलं. त्यांनी तिला ओळखलं, यात तिला पुढे कधीही शंका वाटली नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली. हात भरलेले असताना दारात कुणी आलं की पडते तेवढीच. मग त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

हेमांगीने हात फटीत घातला, खांद्यापर्यंत. का घातला ते तिला माहीत नव्हतं. काका तर वीस हात लांब होते. तिच्या बोटांना आतली हवा लागली. आणि मग कुणीतरी तिचा हात मनगटाशी धरला. थंड, ओला पंजा. बोटांना चुन्याची कचकच. त्याने ना पिळलं, ना ओढलं. ओल्या कामात मूल हात घालायला लागलं की मोठं माणूस बाजूला करतं, तसा त्याने तिचा हात हळूच उचलला आणि बाहेर ठेवला.

ती मागे पडली. उठून पुन्हा पाहते तोवर फट उरलेली नव्हती. दगडाला दगड लागला होता, आणि मधल्या रेषेवर पाण्याचे थेंब चमकत होते.

६

रस्त्याच्या कामावरचे चार बाप्ये ब्रेकर घेऊन आले तेव्हा बारा वाजून गेले होते. चर्चहून परतलेल्या थेरेसाआंटींनी व्हरांड्यातून नुसतं पाहिलं आणि पदर नसलेल्या बायका करतात तसा रुमाल तोंडाला लावला. एका शब्दानेही त्या हेमांगीला बोलल्या नाहीत. ब्रेकरची दोन टोकं मोडली. चार वाजता माणूस जाईल एवढं भोक पडलं.

बाग रिकामी होती. शिडी भिंतीला टेकलेली होती. सगळं काम पूर्ण झालं होतं. एकही कोनाडा, एकही पान, एकही सांधा राहिला नव्हता. हेमांगीने नखाने चुना खरवडून पाहिला. तो दोनशे वर्षं जुन्या चुन्यासारखा घट्ट झाला होता.

पोलिसांनी शिडी पाहिली आणि त्यांचं समाधान झालं. म्हातारा माणूस, डोक्यावर थोडा परिणाम, शिडीने भिंत ओलांडून गेला असेल, किनारा जवळ आहे. त्यांनी पाचूबंदरपर्यंत चौकशी केली, होड्यावाल्यांना फोटो दाखवले. हेमांगीने जबाबात लिहून दिलं की ती पोचली तेव्हा वाट बंद होती आणि तिला कुणी दिसलं नाही. वाट कशी बंद झाली, हे कुणी विचारलं नाही. नकाशात ती कुठे होती हेच त्यांना माहीत नव्हतं.

ते भोक पुन्हा बुजू नये म्हणून तिने रोज दोन माणसं लावून ते रुंद करायला सांगितलं. थेरेसाआंटी तिथे खुर्ची टाकून बसू लागल्या, मांडीवर हातोडी घेऊन. केनीने बरंच काही लिहून पाठवलं. ते तिने वाचलं नाही.

७

दहा दिवसांनी ती चांदीपला गेली. आधी जायला हवं होतं, पण पाय निघत नव्हता. भातकापणी होऊन गेलेली, शेतं पिवळी पडलेली. हंसाकाकी ओटीवर पावटे सोलत बसल्या होत्या. प्रितेश विरारकडे कुणीतरी काकांसारखं दिसलं म्हणून गेला होता. तो रोज कुठेतरी जात होता.

काकींनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. पोलीस काय म्हणाले ते विचारलं, तिने सांगितलं. मोटरसायकल कधी मिळेल ते विचारलं. मग काकी शेंगा बाजूला ठेवून तिच्याकडे पाहू लागल्या.

“तू त्यांना बगितलंस,” त्या म्हणाल्या. “पोलिसांना काय पन सांग. मना ठाव हाय.”

हेमांगीने मान खाली घातली. मग म्हणाली, की हो, लांबून, क्षणभर. पाठमोरे होते. ऊन डोळ्यांवर होतं. बाकी काही दिसलं नाही. कुणी होतं का सोबत, तर नाही. काही बोलले का, तर नाही. तिने हाक मारली ती त्यांना ऐकू गेली नसावी.

हंसाकाकींनी सगळं ऐकून घेतलं. शेजारच्या अंगणात कुणीतरी धुणं आपटत होतं. 

“एवढंच सांग,” त्या म्हणाल्या. “घाबरलेलं होतं का?”

“नाही, काकी.”

त्या दहा दिवसांत तिने कुणालाही सांगितलेली तेवढीच एक गोष्ट पूर्ण खरी होती. ती म्हणताना तिचं मनगट आपोआप दुसऱ्या हाताच्या मुठीत गेलं.

काकींनी पदराने डोळे टिपले. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हलकेपणा आला.

“मग बरं,” त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.